जुन्या मारुती व्हॅनचा गंज दर पावसाळ्यात परत येतोय? पत्रा कापायच्या आधी पाणी शोधा

मार्चमध्ये पत्रा मारला, रंग मारला, व्हॅन एकदम मस्त दिसायला लागली, आणि गणपतीला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं की अरे दाराखाली हा फुगा कसला. माझ्या बाबतीत हे लागोपाठ तीन वर्षं झालंय, त्याच जागी, डाव्या सरकत्या दाराखाली. त्यानंतर आमची एक, मामांची एक आणि वाडीतल्या दोघांच्या अशा चार मारुती व्हॅन आमच्या मांगरात (घराजवळच्या शेडमध्ये) महिनोन्महिने उभ्या राहून गेल्या, सगळ्या ८० आणि ९० च्या दशकातल्या, आणि चारही गाड्यांच्या आजाराचं मूळ एकच निघालं, साचून राहिलेली ओल. आम्ही सिंधुदुर्गात समुद्रापासून जवळ राहतो, वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा, त्यामुळे गंज येणारच हे मान्य, पण दुरुस्त केलेल्या जागीच वर्षाच्या आत परत येतो तेव्हा त्याला हवामान कारण नसतं, गाडीत कुठेतरी पाणी साचून राहतंय आणि ते अजून सापडलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

लक्षणं काय दिसतात

रंगाखाली भाताच्या दाण्याएवढे फुगे, नखाने दाबले की फुटतात आणि आतून तपकिरी पाणी किंवा भुकटी येते. पुढच्या काचेच्या रबराखालून तपकिरी ओघळ. सकाळी मांगर उघडला की व्हॅनच्या काचा आतून धुरकट, आणि दार उघडल्यावर ओल्या गोणपाटासारखा वास. मॅटच्या खालचा फेल्ट दाबला की बोट ओलं होतं. सरकतं दार खालच्या रेलमध्ये अडकत अडकत जातं, लोक रोलर बदलतात पण रोलर चांगला असतो, रेलच खालून फुगलेली असते. ब्रेक मारल्यावर दाराखालून पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो, हा आवाज आला तर बाकीचं काही बघू नका, सरळ खालचा भोकांचा भाग वाचा.

ही सगळी लक्षणं साधी. याच्यापुढची दोन गंभीर आहेत: सीटचा किंवा सीटबेल्टचा बोल्ट पाना लावल्यावर नुसताच गोल फिरतो, किंवा जॅक लावल्यावर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक पत्र्यात घुसतो. यातलं एक जरी असलं तरी गाडी रस्त्यावर काढू नका आणि सरळ शेवटच्या भागात जा.

लाल माती की गंज, आधी हे ठरवा

खर्च शून्य. आपल्याकडे जांभ्याची माती, ती मडगार्डच्या आत आणि पत्र्याच्या सांध्यात बसते आणि पावसात तिचे ओघळ हुबेहूब गंजासारखे दिसतात. ओलं फडकं घेऊन तीन-चार वेळा दाबून पुसा. निघून गेलं आणि खालचा रंग गुळगुळीत लागला तर माती होती. डाग राहिला किंवा बोटाला खरबरीत लागलं तर गंज. हे सांगायचं कारण असं की वाडीतल्या एकाने चांगला भला पत्रा ग्राइंडरने घासून उघडा केला होता, कंपनीचा मूळ रंग गेला, आणि पुढच्या पावसात तिथे खरोखरच गंज आला. मूळ रंग जिथे शाबूत आहे तिथे हात लावू नका, घरात मारलेला कुठलाही रंग त्याच्याइतका टिकत नाही.

आणि माती निघाली तरी ती धुवून टाकाच, कारण माती ओल धरून ठेवते. मडगार्डच्या आतल्या कडेला हात घालून बघा, आमच्या गाडीत दोन्ही बाजूंनी मिळून अर्धं घमेलं माती निघाली होती, आणि ती फेब्रुवारीतसुद्धा आतून ओलसर होती.

मॅट काढा आणि पेपर पसरा

सगळ्या मॅट, फेल्ट, मागची सीट बाहेर काढा आणि उन्हात टाका. फ्लोअर कोरड्या फडक्याने पुसा आणि संध्याकाळी सगळीकडे जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवा. गाडी पावसात उभी असेल तर सकाळी बघा कुठला कागद ओला झाला, पाऊस नसेल तर पाईपने छतावर पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि मग बघा. कागद खोटं बोलत नाही. फ्लोअर हाताला थंड लागला की माणसाला तो ओलाच वाटतो, आणि ओला असला तरी पाणी कुठल्या कोपऱ्यातून पसरलं ते हाताला कळत नाही, कागदावर मात्र ओलीचा नकाशाच उमटतो. पुढच्या पायाकडचा कागद ओला असेल तर संशय काचेच्या रबरावर, सरकत्या दाराकडचा ओला असेल तर दाराचं रबर किंवा छताची पन्हळ, मागचा ओला असेल तर मागच्या दाराचं रबर किंवा दिव्याखालची गॅस्केट. सगळे कागद थोडे थोडे दमट असतील, एकही भिजलेला नसेल, तर पाणी वरून येतच नाहीये, ते मांगराच्या जमिनीतून येतंय, त्याबद्दल पुढे सांगतो.

या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं हे माहीत असेलच, तर सीट उचलून त्या झाकणाच्या कडेचं रबरही बघून घ्या. ते गेलं असेल तर पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी तिथून वर येऊ शकतं, आणि आपण उगाच काचेला दोष देत बसतो.

भोकं, भोकं, भोकं

माझ्या चारपैकी तीन गाड्यांचा आजार इथेच निघाला म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दारांच्या खालच्या कडेला आणि दाराखाली जो आडवा पोकळ डबा असतो, ज्याला आमच्याकडचे पत्रेवाले रनिंग बोर्ड म्हणतात, त्याच्या तळाला कंपनीने छोटी भोकं ठेवलेली असतात. दाराच्या काचेला लागून जे रबर असतं ते सगळं पाणी अडवत नाही, अडवायचं त्याचं कामच नाही, थोडं पाणी दारात उतरणार आणि खालच्या भोकातून बाहेर जाणार अशी ती रचना आहे. म्हणजे दारात पाणी जाणं हा बिघाड नाही, न निघणं हा बिघाड. भोक बुजलं की दार आणि रनिंग बोर्ड म्हणजे कायम भरलेली बादली, आणि आतला पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, तो आतून खात सुटतो आणि तुम्हाला बाहेर फुगा दिसतो तेव्हा आतलं काम संपलेलं असतं.

भोकं कशाने बुजतात? माती, वाळलेली पानं, कुंभारमाशीची घरटी (मांगरात उभ्या गाडीत हे फार), जुनी लांबी (पत्र्यातले खड्डे भरायची पुट्टी), आणि सगळ्यात जास्त म्हणजे अंडरकोटिंग. आमच्या गाडीला गंजापासून संरक्षण म्हणून शहरातल्या एका दुकानात खालून काळं कोटिंग मारून घेतलं होतं, मारणाऱ्या पोराने एकही भोक न झाकता सरसकट फवारा मारला आणि सगळी भोकं लिंपून टाकली. त्या कोटिंगनंतरच लागोपाठ तीन वर्षं गंज आला आणि मला ती जोडणी लक्षात यायला तिसरं वर्ष उजाडलं. दरवर्षी मी वेल्डरकडे जायचो, तो पट्टी मारायचा, पैसे घ्यायचा. तिसऱ्या वर्षी गावातल्या एका म्हाताऱ्या वेल्डरकडे गेलो तर त्याने मशीन लावायच्या आधी गाडीखाली झोपून बोट फिरवलं आणि म्हणाला, "पाणी खयसून येता ता आधी बघ, मगे पत्रो काप." त्याने खिळ्याने कोटिंग टोचलं आणि रनिंग बोर्डातून काळं पाणी वाहायला लागलं, किती ते मोजलं नाही, पण खाली ठेवलेला तांब्या भरून वाहिला. तो दिवस एप्रिलचा होता, म्हणजे ते पाणी आदल्या पावसाळ्याचं.

करायचं काय तर सायकलच्या चाकाची एक जुनी तार घ्या, टोक जरा वाकवा, आणि खाली झोपून प्रत्येक भोकात घालून फिरवा. भोक सापडत नसेल तर दुसऱ्या बाजूच्या दाराशी ताडून बघा, दोन्ही बाजू सारख्याच असतात. तार आत गेली की थांबू नका, आत चिखलाचा थर असेल तो तुटेपर्यंत हलवा, मग वरून मगभर पाणी ओतून बघा की ते धार लागून बाहेर येतं का. ठिबकत आलं तर अजून बुजलेलं आहे. ड्रिलने भोक मोठं करायचा मोह होतो, करू नका, कडेचा उघडा पत्रा नवीन गंजाची सुरुवात करतो. केलंच असेल तर त्या कडेला प्रायमर लावा.

इथे एक गोष्ट फार कळकळीने सांगायची आहे. गाडीखाली झोपायचं असेल तर आधाराला जांभ्याचा चिरा लावू नका. कोकणात प्रत्येकाच्या अंगणात चार चिरे पडलेले असतात आणि हात आपोआप तिकडे जातो, पण जांभा ठिसूळ, तो भार आल्यावर काही न सांगता दुभंगतो. जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) घ्या, नसतील तर कुणाकडून मागून आणा, आणि उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

मांगराची जमीन

वर म्हटलं तसं सगळे कागद थोडे थोडे दमट असतील तर हे बघा. शेणाने सारवलेली किंवा मातीची जमीन असेल तर ती रात्रंदिवस ओल सोडते, आणि नुसतं सिमेंट घातलेलं असलं तरी खाली प्लॅस्टिक टाकलेलं नसेल तर तेही सोडतं. तपासायला दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खालच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर तुमची गाडी रोज रात्री त्याच वाफेत उभी असते. पहाटे पत्रा थंड होतो आणि ती वाफ आतल्या पोकळ भागांत दव होऊन बसते.

उपाय महाग नाही. गाडीखालच्या जागेत जाड ताडपत्री पसरा आणि कडा दाबून टाका. गाडीवर घातलेलं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाका, मांगरात छप्पर आहे तर कव्हर कशाला, ते अंगाला चिकटून ओल आतच ठेवतं. धुळीचाच त्रास असेल तर जुनी सुती चादर टाका. काचा दोन बोटं खाली ठेवा, उंदीर येत असतील तर फटीत जाळी लावा. आणि मांगरात खताच्या गोणी, मीठ, सुकी मासळी गाडीजवळ ठेवू नका. खत आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतात आणि त्यांचे बारीक कण पत्र्यावर बसले की गंजाचा वेग वाढतो, कारण खारट पाण्यातून वीज जास्त सहज वाहते आणि गंज ही शेवटी बॅटरीसारखी, वीज वाहून होणारी प्रक्रिया आहे. मामांची गाडी खताच्या गोण्यांना टेकून उभी होती, ज्या बाजूला गोण्या त्याच बाजूचा पत्रा गेला, दुसरी बाजू ठणठणीत.

गाडी उभी करताना उतारही बघा. जमीन मागे उतरती असेल आणि पाणी जायचं भोक पुढे असेल तर थोडं पाणी कायम मागे राहतं. चाकाखाली फळी टाकून सपाट करा, एवढंच.

पाईप लावून गळती शोधणं

याला दोन माणसं लागतात आणि अर्धा दिवस जातो. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी मारायचं. आतल्याने संशयाच्या जागी टाल्कम पावडर शिंपडून ठेवायची, थेंब आला की पावडरीत रेघ पडते आणि तो कुठून आला ते दिसतं.

पाणी नेहमी खालून वर मारत जायचं. लोक आधी छतावर पाणी सोडतात, मग ते सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून आत गेलं ते कळतच नाही. आधी दाराच्या खालच्या कडेला दहा मिनिटं, आत काही आलं नाही तर काचेच्या खालच्या रबराला दहा मिनिटं, मग बाजूच्या, मग वरच्या, आणि सगळ्यात शेवटी छताची पन्हळ. प्रेशर वॉशर वापरू नका, त्याच्या जोराने चांगल्या रबरातूनही पाणी घुसतं आणि खोटा निकाल मिळतो, साधा बागेचा पाईप बास.

या व्हॅनमध्ये माझ्या अनुभवाने गळतीच्या दोन जागा. एक म्हणजे पुढच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांतलं रबर. ते वरून ठीक दिसतं पण आत कडक होऊन आकसलेलं असतं, आणि त्याच्याखाली काचेची चौकट गंजून फुगली की फट अजून वाढते. नवीन रबर नुसतं वरून बसवून उपयोग नाही, काच काढून चौकट साफ करून प्रायमर लावूनच रबर बसवायचं. काच काढायचं काम स्वतः करू नका असं मी सांगेन, जुन्या काचा काढताना फुटतात आणि जुन्या मॉडेलची काच मिळायला दिवस जातात, काचवाल्याकडे तासाभराचं काम असतं.

दुसरी जागा छताची पन्हळ. छत आणि बाजूचा पत्रा जिथे जोडला आहे तिथे सांध्यावर कंपनीचा सीलर असतो, तीस-पस्तीस वर्षांत तो वाळून तडकतो. केसाएवढी चीर असते, पण पाणी अशा चिरेत स्वतःहून ओढलं जातं. जुना सीलर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढा, सांधा पूर्ण वाळवा, आणि गाड्यांसाठीचा पॉलियुरेथेन सीम सीलर भरा. बाथरूमला लावतात तो व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन अजिबात लावू नका, तो सुकताना ॲसिड सोडतो आणि त्याच्याखाली पत्रा गंजतो, शिवाय त्याच्यावर नंतर रंगही धरत नाही. मी हा सिलिकॉन लावलेला आहे, आणि वर्षभराने तो काढला तेव्हा खाली तपकिरी रेघ होती.

लोहचुंबक आणि स्क्रू ड्रायव्हरची मूठ

पाण्याची वाट बंद झाल्याशिवाय इथवर यायचं नाही. आता पत्रा किती शिल्लक आहे ते बघायचं. छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळा आणि सगळ्या गाडीवर फिरवा. जिथे ओढ कमी लागते तिथे लांबीचा जाड थर आहे, जिथे चिकटतच नाही तिथे लांबी फारच जाड आहे किंवा खाली पत्राच नाही. जुनी व्हॅन विकत घ्यायला जाल तेव्हा हेच आधी करा, रंगाची चमक बघत बसू नका. आमच्या एका गाडीच्या मागच्या मडगार्डवर बोटभर जाड लांबी होती आणि आत वर्तमानपत्राचा बोळा. लांबी पाणी शोषून घेते आणि पत्र्याला चिकटवून धरते, त्यामुळे भोकावर नुसती लांबी भरणं म्हणजे ओला स्पंज बांधून ठेवणं.

मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणत्कार देतो, गेलेला पत्रा थप्प असा आवाज देतो. थप्प आवाज आला तिथे टोकाने जरा दाबा, टोक आत गेलं तर खडूने गोल करा. सगळे गोल झाल्यावर गाडीचे फोटो काढून ठेवा, वेल्डरशी बोलताना याच फोटोंचा उपयोग होतो.

खरवडणं आणि प्रायमर, स्वतः करता येईल एवढं

हे फक्त वरवरच्या गंजासाठी, जिथे टोक आत जात नाही. वायर ब्रशने सुटा गंज काढा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, पत्रा चमकेपर्यंत. ग्राइंडर लावणार असाल तर डोळ्याला गॉगल आणि जवळपास पेंढा, लाकडं, पेट्रोल काही नको, ठिणगी किती लांब जाते ते मांगरात कळत नाही. पेट्रोलची टाकी आणि पेट्रोलचा पाईप कुठून गेलाय ते आधी बघून घ्या आणि त्याच्याजवळ ग्राइंडर चालवूच नका, हाताने घासा.

खोल खड्ड्यांत राहिलेला गंज हाताने निघत नाही, तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावतात, ते गंजाचं काळसर कठीण थरात रूपांतर करतं. पण ते पातळ गंजावरच चालतं, पापुद्र्यांवर लावलं तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खाली गंज तसाच. हातमोजे घाला, डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवा आणि लगेच वाळवा, जास्तीचं ॲसिड राहिलं तर वरचा रंग फुगतो आणि आपल्याला वाटतं गंज परत आला.

मग त्याच दिवशी प्रायमर. उघडा पत्रा आमच्याकडे एका रात्रीत केशरी होतो, डोळ्यांदेखत. प्रायमर दोन भागांचं इपॉक्सी घ्या. साधं रेड ऑक्साइड स्वस्त आहे पण ते सच्छिद्र, वरून रंग न मारता पावसाळा काढला तर पाणी त्याच्यातून खाली जातं, आणि मांगरात काम करणारी बहुतेक माणसं नेमकं तेच करतात, रेड ऑक्साइड मारतात आणि रंग दिवाळीनंतर म्हणून सोडतात. हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर कुठलंच प्रायमर लावायचं नाही, पत्र्यावर दिसत नाही असा ओलीचा थर असतो. म्हणजे जून ते सप्टेंबर हे काम बंद. नोव्हेंबर ते मार्च, सकाळी दहानंतर, पत्रा उन्हाने कोमट झाल्यावर. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, घाईघाईत केलेलं काम टिकत नाही, त्या दिवसांत फक्त भोकं साफ करा आणि मॅट काढून ठेवा.

जळकं ऑइल खालून मारायची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे आणि बरेच जण तुम्हाला तेच सुचवतील. त्याने पत्रा काही दिवस वाचतो हे खरं, पण ते ब्रेकच्या होजपाईपला आणि रबरी बुशला लागलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं, सायलेन्सरवर धूर होतो, आणि पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली की तो सगळा भाग पेट घेतो. पोकळ भागांसाठी मिळणारं मेण घ्या, लांब नळीने आत फवारा, आणि ते सगळं काम संपल्यावर, आधी नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

स्क्रू ड्रायव्हरचं टोक खालीलपैकी कुठेही आत गेलं तर तुमचं काम संपलं: रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे गाडीला जोडलेत तो भाग, पुढच्या शॉकॲब्जॉर्बरची वरची बैठक, स्टिअरिंगची बैठक, सीटबेल्टचे बोल्ट. या व्हॅनला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही, हा पत्र्याचा डबाच तिची चॅसी आहे, त्यामुळे इथे रिव्हेट मारून पट्टी लावणं किंवा फायबरने झाकणं म्हणजे तुटलेल्या हाडावर नुसतं फडकं बांधणं. ब्रेकचा लोखंडी पाईप खालून गंजून खरबरीत झाला असेल तर तोही मेकॅनिककडूनच बदलून घ्या, नुसता वरून घासू नका, घासताना उरलेला पत्राही जातो.

पेट्रोल टाकीच्या आसपास वेल्डिंग असेल तर टाकी काढल्याशिवाय कुणालाही काम सुरू करू देऊ नका. टाकी रिकामी आहे हे उत्तर चालत नाही, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोकादायक. गॅसकिट असलेल्या गाडीत तर किटवाल्याकडून सिलिंडर आणि पाईप काढून घ्या, मग गाडी वेल्डरकडे. बॅटरीची तारही काढून ठेवा, नाहीतर अल्टरनेटर जाऊ शकतो.

वेल्डर निवडताना सीओटू वेल्डिंग (बारीक तार आणि गॅस वापरून करतात ते) येणारा शोधा. जाड रॉडच्या आर्कने एवढा पातळ पत्रा जळून भोक मोठं होतं. त्याला तीन गोष्टी सांगा: गेलेला पत्रा कापून काढायचा, त्याच्यावर नुसती पट्टी डकवायची नाही, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहतं, ठिकठिकाणी टाके मारून सोडायचं नाही, पूर्ण शिवण घ्यायची किंवा टाक्यांमधली फट सीलरने भरायची, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचा रंग जळतो तिथे आतून मेण मारता येईल अशी वाट ठेवायची. माझी पट्टी तीन वेळा सडली त्याला बुजलेल्या भोकांइतकंच हे मागून जळलेलं अंगही कारण होतं, बाहेरून रंग आणि आतून उघडं लोखंड.

कागदपत्रांची एक काळजी. चॅसी नंबर जिथे ठोकलेला आहे तो भाग कापायचा, घासायचा किंवा लांबीखाली घालायचा नाही. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी नूतनीकरण करताना आरटीओत त्या नंबरचा पेन्सिलने छाप घेतात, तो वाचता आला नाही तर बाकी गाडी कितीही चांगली असो, अडकते. तिथे गंज असेल तर आधी फोटो काढा, आरटीओत विचारा, मग हात लावा. रंग बदलणार असाल तर तोही आरसीवर चढवावा लागतो. आणि लोक या गाड्यांना हौसेने विंटेज म्हणतात, मीही म्हणतो, पण केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी, आणि मारुती व्हॅन आली १९८४ साली, त्यामुळे विंटेज नंबरच्या भरवशावर नूतनीकरण टाळू नका.

वेल्डरला उरलेले पैसे द्यायच्या आधी एक मग पाणी रनिंग बोर्डात ओता, त्याच्यासमोरच. खालून धार लागून सगळं बाहेर आलं तर ठीक. नाही आलं तर नवीन पत्र्यात त्याने भोक ठेवलेलं नाही, ते त्याच्याकडूनच पाडून घ्या आणि कडेला प्रायमर लावून घ्या. मग गाडी दोन दिवस दारं उघडी ठेवून कडक उन्हात, आणि तिसऱ्या दिवशी आतून मेण.